कॉमिक स्ट्रिप 'खोली नंबर २७': चौदा भाग झाले, अडलंय ते विचारते

रेघोटी (रविवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी परळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. सकाळी सातची ड्यूटी, म्हणून भांडुपहून पावणेसहाच्या आसपासची स्लो धरते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या, तेवढंच. जूनच्या शेवटापासून दर गुरुवारी चार चौकटींची एक स्ट्रिप काढते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. नाव 'खोली नंबर २७'. आज चौदा भाग झाले.

माझं माहेर लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. चाळ पाडून नवी इमारत व्हायची आहे. काही बिऱ्हाडं ट्रान्झिटला, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलीसुद्धा. मे महिन्यात आईकडे गेले होते तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर सहज हात ठेवला, आणि लक्षात आलं की जिन्याजवळच्या तेवढ्याच हातभर भागात लाकूड गुळगुळीत झालंय. बाकी सगळीकडे खरखरीत. तिथे उभं राहिलं की खालचा नळ दिसतो, पोस्टमन दिसतो, शाळेतून येणारं पोर दिसतं. प्रत्येकाने तिथेच हात टेकून वाकून पाहिलं असणार. घरी आल्यावर लाइट बिलाच्या पाठीमागे तो कठडा काढला. मग त्याला टेकलेली एक बाई काढली. तिला बोलावंसं वाटलं, म्हणून फुगा काढला. अशी सुरुवात.

पात्रं दोनच. आक्का, वय सत्तरच्या पुढे, आणि शेजारची चिमी, वय आठ. सोमवारी गाडीत कच्चं डोक्यात बसवते, मंगळवारी पेन्सिल, बुधवारी भांडी आवरून झाली की शाई. साधा ए-फोर कागद, ०.३ चं काळं पेन, फोनने फोटो.

आता अडचणी. फोटोत कागद पिवळट-करडा येतो. फोनवर अक्षरं वाचताच येत नाहीत, माझ्या भावाने झूम करकरून वाचलं. चार चौकटी एका ओळीत ठेवाव्यात की कशा, ते कळत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की निम्मे लोक विचारतात, "छान आहे, पण विनोद कुठे आहे?" त्यांना काय सांगावं मला सुचत नाही, कारण मला स्वतःलाच नीट ठाऊक नाही.

पोहेवाला (रविवार, रात्री १०:५२)

कठड्याचं वाचून आमची गिरगावची चाळ डोळ्यांसमोर आली. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

टाकदौत (सोमवार, सकाळी ७:३०)

मी तीस वर्षं जाहिरात एजन्सीत आर्ट डिपार्टमेंटला होतो, ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरचा मजकूर, कापून पेस्टिंग करायच्या काळापासून. तुमचे चौदाही भाग काल रात्री पाहिले. हात चांगला आहे. माणसं उभी राहतात, जमिनीवर त्यांचं वजन पडतं. हे शिकवून येत नाही. तुमचं चुकतंय ते मापात.

ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर. फोनच्या पडद्याची रुंदी जेमतेम ७. म्हणजे तुमचं चित्र तीन पटींनी लहान होऊन वाचकापर्यंत पोचतं. ०.३ मिलिमीटरची रेघ ०.१ ची होते, म्हणजे केसासारखी, आणि कुठे कुठे तुटते. अक्षर तुम्ही ४-५ मिलिमीटर उंच काढता, ते दीड मिलिमीटरवर येतं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा यापेक्षा मोठ्या असतात. तेव्हा बाह्यरेषेला ०.८ चं पेन घ्या, आतल्या बारीक कामाला ०.५. ०.३ फक्त आक्कांच्या पापण्यांसाठी ठेवा. अक्षर ९ मिलिमीटरच्या खाली नको. काढून झालं की कागद भिंतीला लावा आणि सहा-सात पावलं मागे जाऊन बघा. तिथून जे दिसत नाही ते फोनवरही दिसणार नाही.

चौकटींचं गणितही त्यातच आलं. चार चौकटी एका ओळीत ठेवल्या तर प्रत्येकीला पावणेदोन सेंटीमीटर. पोस्टाचं तिकीटही त्याहून मोठं. ती मांडणी वर्तमानपत्राच्या रुंद पानासाठी जन्मली. दोनावर दोन ठेवल्यात तर चौकट दुप्पट रुंद होते. एकेक चौकट वेगळी टाकलीत, बोटाने सरकवत बघायची, तर अख्खी रुंदी मिळते आणि शेवटची चौकट आधी दिसत नाही, पान उलटल्यासारखं होतं. पण माझा सल्ला दोनावर दोनचाच. तुमची वाचक मंडळी कोण आहेत ते बघा. ही स्ट्रिप चाळकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणार, आणि तिथे चार वेगळी चित्रं पाठवली की त्यांचा क्रम विस्कटतो, नाहीतर कोणीतरी तीनच पुढे पाठवतो. एक चित्र, एक गोष्ट. कॅनव्हास १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवा, इन्स्टाग्रामवर उभं चित्र त्यात नीट बसतं.

फोटोबद्दल. ट्यूबलाइटखाली काढू नका. सकाळी, ऊन थेट येत नाही अशा खिडकीशी कागद सपाट ठेवा, फोन कागदाला समांतर धरा, स्वतःची सावली पडू देऊ नका. मग बऱ्याच फोटो ॲपमध्ये 'लेव्हल्स' असतं, त्यात पांढरं आणि काळं टोक आत सरकवा. करडा कागद पांढरा होईल. त्याहून बरं म्हणजे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. त्याला 'ग्रेस्केल' सांगा, नुसतं 'ब्लॅक अँड व्हाइट' सांगितलंत तर रेघेच्या कडा दातेरी येतात.

आणखी एक. कच्चं काम फिक्या निळ्या पेन्सिलीने करा. आमच्या वेळी छपाईच्या लिथ फिल्मला निळा रंग दिसत नसे, म्हणून आम्ही खुणा निळ्याने करायचो आणि खोडायचोच नाही. आज ग्रेस्केलऐवजी रंगीत स्कॅन केलात तर तो निळा एका झटक्यात काढून टाकता येतो. खोडरबराने कागदाची जी साल निघते ती वाचेल. भाग ५ मध्ये आक्कांच्या गालावर शाई फुटलीय, ती त्यामुळेच.

अक्षरवेडा (सोमवार, दुपारी १:१०)

टाकदौत यांनी अक्षराची उंची सांगितली, मी जागा सांगतो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, लांबलं तर चालवून घ्या.

इंग्रजी कॉमिक वाचून वाढलेला माणूस फुगा आधी काढतो आणि शब्द त्यात कोंबतो. तिकडे ते चालतं, कारण सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, एका उंचीची, विटांसारखी रचता येतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली जोडाक्षरं. 'द्धू' आणि 'र्की' एकाखाली एक आले की वरच्याचा पाय खालच्याच्या डोक्यात. म्हणून दोन ओळींमध्ये निदान अक्षराच्या उंचीइतकं अंतर हवं. तुमच्या भाग ८ मध्ये 'कुठून आणलंस गं' या ओळीचा उकार खालच्या अनुस्वारात घुसलाय, मी ते तीनदा वाचलं.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं. जागा कमी पडली तर शब्द कमी करा, अक्षर लहान करू नका. ओरडण्यासाठी आपल्याकडे कॅपिटल नाहीत, पण जाड शिरोरेषा आहे. एकाच शब्दाची शिरोरेषा दुप्पट जाड केली तरी तो शब्द मोठ्याने ऐकू येतो. करून बघा.

दुसरी गोष्ट मराठी वाक्याची. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'मी तुझ्या आईला काल देवळात...' इथपर्यंत काय झालं ते कळतच नाही. 'पाहिलं', 'सोडलं', 'रडताना बघितलं', काहीही असू शकतं. हे मोठं धन आहे! फुग्यातली शेवटची ओळ फक्त क्रियापदाची ठेवा. कधी वाक्य तिसऱ्या चौकटीत सुरू करून क्रियापद चौथीत टाका. इंग्रजीतून भाषांतरित स्ट्रिपमध्ये हे साधत नाही, कारण तिथे चित्र वेगळ्याच शब्दासाठी थांबलेलं असतं.

हाताने की फॉन्ट? हातानेच. तुमच्या 'ळ'ला एक वळण आहे, ते आक्कांच्या बोलण्याचं वळण वाटतं. पण हात दुखत असेल, वेळ नसेल, तर 'कलम' हा हस्ताक्षरी फॉन्ट फुकट आहे, शिवाय मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचे 'बलू' आणि 'मुक्त' आहेत. संगणकावर करणार असाल तर एक इशारा: फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत सेटिंग जुळवलेलं नसेल तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं फुटतात. तिथे परिच्छेदाच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडावा लागतो. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात देवनागरी सरळ येते. र. कृ. जोशींसारख्या मुंबईच्या माणसाने विंडोजसाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला तेव्हा कुठे संगणकाच्या पडद्यावर आपली जोडाक्षरं घरोघरी धड दिसू लागली. त्यानंतरही कोणी तुटक्या वेलांट्यांचं कॉमिक टाकलं की मला फार वाईट वाटतं.

विरारफास्ट (सोमवार, रात्री ९:४०)

मी चित्रकार नाही, वाचक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. राग नसावा.

भाग ६ मी चार दिवस विसरलो नाही. पहाटे नळाखाली लावलेल्या बादल्यांची रांग. कुणाची पत्र्याची, कुणाची रंगाच्या डब्याची, एकीला नायलॉनच्या दोरीची कडी. तीन चौकटी नुसत्या बादल्या. चौथीत ट्रान्झिटला गेलेल्या घराची बादली नाही, पण मधे तेवढी जागा सोडलेली. एकही शब्द नाही. मी गाडीत होतो, नालासोपारा कधी गेलं कळलं नाही.

भाग ११ मात्र मला पटला नाही. तिसऱ्या चौकटीत चिमी रिकाम्या खोलीच्या कुलपाला हात लावते. संपलं की तिथेच. चौथीत आक्का म्हणतात, "माणसं गेली की घर मुकं होतं." हे मला कळलं होतं, सांगायला नको होतं. विनोद नसण्याची तक्रार करणारे लोक कदाचित याच चौकटीमुळे करत असतील. चौथ्या चौकटीत काहीतरी मिळावं अशी त्यांची अपेक्षा, आणि तुम्ही सुविचार देता.

जुनीजाणती (मंगळवार, सकाळी ११:०५)

विरारफास्ट, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्याला जोडून थोडं.

हास्यचित्र म्हणजे हसवणारं चित्र, असा आपला समज कुठून आला मला माहीत नाही. शि. द. फडणीसांची चित्रं आठवा. शब्दच नाहीत. माणसांच्या नकळत त्यांचे कपडे, वस्तू, सावल्या काहीतरी बोलत असतात आणि आपण ओठांच्या कोपऱ्यात हसतो. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून 'टाइम्स'च्या पहिल्या पानावरच्या चौकटीत उभा राहिला तो तोंड मिटून. वरळीला समुद्राकडेला त्याचा पुतळा आहे, तिथेही गप्पच. बोलतात ते बाकीचे. तो बघतो, आणि त्याच्या बघण्यामुळे त्या बोलण्याचा अर्थ बदलतो.

तुमच्याकडे चिमी आहे की! आठ वर्षांची मुलगी बघू शकते. आक्कांना बोलू द्या आणि चिमीला बघू द्या. आत्ता दोघीही प्रत्येक चौकटीत बोलतात.

'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला तेव्हा आमच्या घरी तो आधी वाचायचा म्हणून भांडणं व्हायची. त्यात रोज पोट धरून हसण्यासारखं काही असायचं असं नाही. आपल्याच घरातला ओटा, आपलीच आई, आपलाच शेजारी दिसायचा, म्हणून वाचायचो. 'मार्मिक' १९६० मध्ये निघाला, त्यातली व्यंगचित्रं धारदार, राजकारणावर बोट ठेवणारी. तीही परंपरा आपली आणि हीही आपली. तुम्हाला 'चिंटू'ची जवळची दिसते, मग तीच धरा.

शिक्षण नाही म्हणून संकोच वाटत असेल तर तो सोडा. वसंत सरवटे स्थापत्य अभियंते होते, सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी मराठी साहित्याला चित्रं दिली. त्यांच्या गर्दीच्या चित्रातला कोपऱ्यातला शेवटचा माणूससुद्धा कुठून तरी आलेला आणि कुठे तरी निघालेला असतो.

पोहेवाला (मंगळवार, दुपारी १२:२०)

जुनीजाणती, +१. चिमीने फक्त बघायचं, हे फार आवडलं.

रेघोटी (बुधवार, रात्री ११:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. ०.८ चं पेन आणलं. काल जुना भाग ८ पुन्हा काढला, आधी अक्षरं, मग फुगा. सत्तावीस शब्दांचे अकरा झाले. भिंतीला लावून मागे गेले आणि पहिल्यांदाच माझी स्ट्रिप मला लांबून वाचता आली. विरारफास्ट, भाग ११ बद्दल तुमचं खरं आहे. ते वाक्य लिहिताना मला स्वतःलाच रडू आलं होतं, म्हणून खोडवलं नाही.

आता जे रविवारी लिहिलं नाही ते लिहिते. आक्का खऱ्या आहेत. आईच्या शेजारच्या काकू. कपाळावरचं गोंदण, पदर खोचायची पद्धत, "असं का गं" म्हणताना मान तिरकी करणं, सगळं त्यांचंच आहे. मी त्यांच्या मांडीवर वाढले. त्यांना विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही, कारण पहिल्या भागाच्या वेळी हे कुणी बघेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका पानाने माझा भाग ६ उचलला, खालची सही कापून. तो फिरत फिरत चाळीच्या ग्रुपवर आला. कुणीतरी लिहिलं, "या तर आपल्या काकू." मग बाकीचे भागही शोधून टाकले. आई सांगते, काकू काहीच बोलल्या नाहीत, पण दोन दिवस गॅलरीत आल्या नाहीत. तेव्हापासून नवीन भागासाठी पेन हातात धरवत नाही. उद्या गुरुवार, भाग १५ तयार नाही.

कोर्टाची पायरी (गुरुवार, सकाळी ८:१५)

रेघोटीताई, उचललेल्या भागाचं आधी सांगते, ते सोपं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलंत त्या क्षणी हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या हयातीनंतरही साठ वर्षं तो राहतो. आणि कलम ५७ प्रमाणे 'हे मी केलं' असं म्हणण्याचा हक्क वेगळा आहे, तो चित्र विकलंत तरी तुमच्याकडेच. त्या पानाला तारखेसह तुमची मूळ पोस्ट दाखवून लिहा, इन्स्टाग्रामकडेही तक्रारीचा फॉर्म असतो. मूळ कागद फेकू नका, मागे तारीख घाला. सही खाली समासात करू नका, तिथली कापायला दोन सेकंद लागतात. चित्राच्या आत करा, बादलीवर, भिंतीच्या पोपड्यावर.

काकूंचं मात्र कायद्याने सुटणार नाही. आणि सोडवूही नये असं मला वाटतं.

आंबटगोड (गुरुवार, सकाळी ९:०२)

मी दुसऱ्या बाजूने बोलते, कारण मी त्या बाजूला होते. माझ्या भावाने माझ्या मोडलेल्या लग्नावर कथा लिहिली. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, पण माझ्या हातावरचा भाजल्याचा डाग तसाच ठेवला होता. कथेला बक्षीस मिळालं. घरी पेढे आले. मी पेढा खाल्ला आणि मोरीत जाऊन उभी राहिले. कथा वाईट नव्हती. त्यात माझी बाजू होती, मला वाटलं होतं त्याहून जास्त होती. पण तो मला आधी म्हणाला असता, "ताई, लिहू का?" तर मी हो म्हटलं असतं. दहा वर्षं झाली. अजून ते विचारणं माझ्याकडे आलेलं नाही.

तुम्ही जा. फोन करू नका, आईबरोबर निरोप धाडू नका. जा.

टाकदौत (गुरुवार, सकाळी १०:४०)

आंबटगोड, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी एरवी नवख्यांना सांगतो की तीन माणसांचं एक पात्र करा. नाक एकाचं, साडी दुसरीची, चालणं तिसऱ्याचं. पण रेघोटीताईंना तो सल्ला देणार नाही. तो कठडा एकच आहे आणि त्याला टेकणारी बाईही एकच. तिची तीन माणसं केली तर चित्रं सुबक होतील आणि कामाची राहणार नाहीत. तेव्हा जा हेच खरं. जाताना फोन दाखवू नका, ए-फोरवर मोठ्या प्रिंट घेऊन जा. त्यांना दिसायला हवं.

विरारफास्ट (गुरुवार, रात्री १०:००)

भाग १५ आज नाही आला तरी काही बिघडत नाही. थांबतो.

रेघोटी (रविवार, रात्री ९:५०)

आज जाऊन आले.

करी रोडला उतरून झेरॉक्सवाल्याकडे चौदा प्रिंट काढल्या. काकूंची खोली निम्मी बांधलेली होती. पितळेची भांडी गोणत्यात, देव अजून फडताळात. मी कागद पुढे केले आणि म्हटलं, "काकू, तुम्हाला न विचारता तुम्हाला काढलं मी. चुकलं." त्यांनी चष्मा लावला, खाली बसल्या, आणि एकेक कागद बोट फिरवत वाचायला लागल्या. चहा गार झाला. मधे एकदा म्हणाल्या, "माझा आवाज एवढा मोठा आहे?" मी म्हटलं, "आहे." त्या हसल्या.

भाग ३ वर थांबल्या. त्यात मुख्य काहीच नाही, चिमी शेंगा सोलते आणि आक्का तिला ओरडतात. पण मागे दाराशी मी वेताची खुर्ची काढली होती. काका त्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. मी मुद्दाम काढली नव्हती. त्यांचं दार काढायचं म्हटलं की हातातून ती खुर्ची आपोआप येते. तेराव्या भागापर्यंत सगळीकडे आहे, माझं मलाच कळलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "ही श्रावणात भंगारवाल्याला दिली मी. तिकडच्या खोलीत कुठे ठेवणार?" आणि थोड्या वेळाने, "मला हवं तितकं काढ. पण खुर्ची तेवढी काढू नकोस."

माझं काळीज हललं. म्हटलं, "नाही काढणार काकू. पुढच्या भागापासून दाराशी काही नसेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मान तिरकी केली. "असं का गं? काढू नकोस म्हणजे राहू दे म्हणते मी. होती तिथून हलवू नकोस."

आई दारात उभी होती. कुणीच काही बोललं नाही.

निघताना काकूंनी दोन बदल सांगितले. गोंदण कपाळाच्या बरोबर मधे आहे, मी डावीकडे सरकवलंय. आणि त्या पाण्याच्या रांगेत कधीच दुसऱ्या नव्हत्या, कायम पहिल्या. दोन्ही दुरुस्त करते. प्रिंट त्यांनी ठेवून घेतल्या, देवांबरोबर बांधणार म्हणाल्या.

भाग १५ गुरुवारी येईल. त्यात खुर्ची मागे नाही, पुढे आहे, आणि त्यामुळे आता नवी अडचण. आजवर ती लहान होती, चार आडव्या-उभ्या रेघा मारल्या की भागायचं. मोठी काढायची तर वेताची ती सहा कोनांची जाळी येते. तीनदा काढली. कागदावर बरी दिसते, फोनवर सगळा करडा चिखल होतो आणि मधेच विचित्र पट्टे उमटतात. टाकदौत, काय करू?

आंबटगोड (रविवार, रात्री १०:०५)

वाचलं. आज बरं वाटलं.

टाकदौत (रविवार, रात्री १०:३०)

ते पट्टे जाळीमुळेच येतात. बारीक, सारख्या अंतराच्या रेघा लहान केल्या की पडद्यावर नसलेली नक्षी उमटते. छपाईतही हाच त्रास व्हायचा, आम्ही चेक्सच्या शर्टांना घाबरायचो.

सगळी जाळी काढायची नाही. खुर्चीच्या पाठीचा एकच कोपरा धरा, जिथे उजेड तिरका पडतो, आणि तिथे सात-आठ घरं नीट, मोठी काढा. ती कडेकडेने विरळ करत न्या आणि उरलेली पाठ कोरी सोडा. वाचकाचा डोळा बाकीचा वेत स्वतः विणतो. बैठकीला मात्र मधोमध किंचित झोळ दाखवा. वर्षानुवर्षं एकच माणूस बसलेली खुर्ची असेल तर झोळ असणारच, आणि तो एका बाजूला कललेला असेल. कुठल्या ते तुम्हाला माहीत असेल.

हात वेताचे होते की लाकडी?

रेघोटी (रविवार, रात्री १०:४१)

लाकडी. झोळ डावीकडे, कारण ते दाराकडे कलून बसायचे. उजव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. काकू दर दिवाळीला घासायच्या, जायचा नाही.

टाकदौत (रविवार, रात्री १०:४४)

मग वेत राहू दे बाजूला. आधी तो डाग काढा.